गिटारच्या सांध्यात कोणता गोंद?

स्टीलच्या तारांची गिटार सुरात लावली की सहा तारांचा मिळून साधारण 70 ते 75 किलोंचा ताण तिच्यावर येतो. हा ताण वाजवण्यापुरता नसतो. गिटार भिंतीला टांगलेली असो, पेटीत ठेवलेली असो की मांडीवर असो, तो रात्रंदिवस चालूच राहतो. तारा जिथे अडकवतात तो ब्रिज तळहाताच्या जेमतेम निम्म्या जागेवर बसलेला, त्याखालची स्प्रूसची फळी अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, आणि या दोघांना धरून ठेवणारा गोंदाचा थर कागदाहून पातळ. चांगल्या गिटारमध्ये तिथे बहुधा खिळाही नसतो आणि स्क्रूही नसतो. सगळी भिस्त गोंदावर.

मी पुण्यात अकूस्टिक गिटारी बनवतो आणि दुरुस्तही करतो. नवी गिटार करून घ्यायला येणारी माणसं लाकडाबद्दल भरभरून बोलतात. वरची फळी स्प्रूसची घ्यावी की सीडरची, मागची बाजू शिसवीची बरी की महोगनीची, यावर तास-तास जातो. गोंदाचा विषय सहसा निघत नाही, आणि त्यांनी तो काढावा अशी माझी अपेक्षाही नाही. तो विचार बनवणाऱ्यानं करायचा. मला तो करायला भाग पाडलं ते दुरुस्तीला येणाऱ्या गिटारींनी. दुसऱ्या कुणीतरी कधीकाळी जोडलेला सांधा उघडायला घेतला, की त्या माणसानं गोंद निवडताना पुढचा काय विचार केला होता ते चाकूच्या पहिल्या दाबाला कळतं. या कामात माझं एक मत पक्कं झालं आहे. अख्ख्या गिटारसाठी एक गोंद निवडू नये, एकेका सांध्यासाठी निवडावा. आणि तो किती घट्ट धरतो हे जितकं पाहतो तितकंच, वेळ आली तर तो कसा सोडतो, हेही पाहावं.

फर्निचर करणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटेल. कपाट, पलंग, दरवाजा एकदा जोडला की पुन्हा उघडायचा नसतो. गिटारचं तसं नाही. तारांच्या ताणानं काही दशकांत तिचा सांगाडा किंचित वाकतो, तारा फ्रेटबोर्डपासून उंच जातात आणि वाजवणाऱ्याची बोटं दुखायला लागतात. तेव्हा नेक सोडवून, तिचा कोन सुधारून, ती पुन्हा बसवावी लागते. ब्रिज झिजतो किंवा फुटतो. कडक उन्हाळ्यात फळी तडकते, आतली एखादी पट्टी सुटते. चांगल्या गिटारच्या आयुष्यात दुरुस्ती ही ठरलेलीच असते. आजच्या स्पॅनिश गिटारचा आकार आणि आतली रचना ज्यांनी बसवली, त्या आंतोनियो दे तोरेस (1817–1892) यांच्या काही गिटारी आजही मैफलीत वाजतात. त्या टिकल्या याचं एक मोठं कारण म्हणजे दर पिढीतल्या कुणा ना कुणा कारागिराला त्या उघडता आल्या, नीट करता आल्या आणि पुन्हा बंद करता आल्या. तोरेस यांच्या काळात वाद्यं जोडायची ती सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून होणाऱ्या गोंदानं.

सरस मी नीट ओळखायला लागलो तो मिरजेत. एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यांच्या कामाला सुरुवात केली, आणि मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सतारमेकर गल्लीत एका बुजुर्ग कारागिरांच्या दुकानात मी जाऊन बसत असे. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. रोजच्या किरकोळ कामाला ते बाजारातला पांढरा गोंद वापरत. तबलीच्या, म्हणजे वरच्या फळीच्या, आणि दांडीच्या सांध्याला मात्र सरस. मी एकदा विचारलं, "चाचा, सरस किती गरम करायचा?" हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, "बोट बुडवून लगेच काढता आलं पाहिजे, इतकाच. आणि उकळला ना, तर टाकून द्यायचा. त्यात मग काही राहत नाही." पुढे मी थर्मामीटर घेतलं. पुस्तकांत 60 अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. चाचांचं बोट त्याच्या फार दूर नव्हतं.

उकळू नये याला कारण आहे. सरस जनावरांच्या कातड्यातल्या आणि हाडांतल्या कोलॅजेनपासून होतो. या प्रथिनाच्या लांब साखळ्या लाकडाच्या रंध्रांत शिरून धरतात. 70 अंशांच्या वर तो तापत ठेवला की या साखळ्या तुटतात आणि पकड जाते. वाद्यांच्या कामाला साधारण 192 ग्रॅम ताकदीचा सरस चालतो. ग्रॅमचा आकडा जितका मोठा, तितका सरस जास्त घट्ट आणि तितका लवकर थिजणारा. आदल्या रात्री मी सरसाचे दाणे वजनाच्या सुमारे दुप्पट गार पाण्यात भिजत घालतो. सकाळी ते फुगून रबरासारखे झालेले असतात. मग लहान मुलांच्या दुधाची बाटली गरम करायचं यंत्र असतं, त्यात बरणी ठेवून ते हळूहळू वितळवतो. ब्रश वर उचलल्यावर सरसाची धार न तुटता, थेंब थेंब न होता खाली आली, की तो तयार.

त्यानं काम कसं होतं ते एका पट्टीपुरतं सांगतो. वरच्या फळीला आतून स्प्रूसच्या पट्ट्या लावतात. तारांचा ताण तोलायचा तो त्यांनी, आणि फळी कशी कंप पावेल हेही बरंचसं त्यांच्यावरच ठरतं. त्यातली एखादी छोटी पट्टी घेतो. तिची तळाची बाजू आणि फळीवरची तिची जागा दोन्ही आधी कोमट करून घेतो. सरस लावतो, पट्टी जागेवर ठेवतो आणि दाब देत बोटभर पुढे, बोटभर मागे घासतो. पहिल्यांदा ती सहज सरकते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जड होते. मग एका क्षणी हातांना कळतं की आता ती हलणार नाही. सरस थिजला. क्लॅम्पची गरजही लागत नाही. पुढच्या दिवसभरात त्यातलं पाणी जातं, सरस आकसतो आणि आकसताना पट्टीला फळीवर आणखी ओढून घेतो. वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो. सततच्या ताणाखाली तो सरकत नाही. आणि उद्या ती पट्टी सुटली, तर जुना सरस खरवडून लाकूड कोरं करायची गरज नसते. नवा गरम सरस जुन्याला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. बाकीच्या कुठल्याही गोंदात हा गुण मला सापडलेला नाही.

सरसाची मोठी अडचण म्हणजे वेळ. तो पस्तीस अंशांच्या आसपास आला की थिजायला लागतो, आणि एकदा थिजला की वर कितीही दाब द्या, सांधा कच्चाच राहतो. युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत म्हणूनच खोली तापवा, लाकूड तापवा, घाई करा, असं पानोपानी लिहिलेलं असतं. पुण्यात मला वेगळा अनुभव येतो. एप्रिलच्या दुपारी कारखान्यात पारा अडतिसावर असतो, लाकूडही तितकंच तापलेलं असतं. अशा वेळी सरस मिनिटामिनिटानं पळत नाही. मोठी पट्टी किंवा ब्रिज निवांत बसवता येतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मात्र हेअर ड्रायर हातात धरूनच काम करावं लागतं. पावसाळ्यात तिसरीच तऱ्हा. भिजवलेला सरस दोन दिवसांत वास मारायला लागतो आणि त्यावर बुरशी धरते. म्हणून त्या दिवसांत मी लागेल तेवढाच भिजवतो आणि उरलेला फ्रीजमध्ये ठेवतो. परदेशातल्या कारागिराचा सल्ला वाचावा जरूर, पण आपल्या हवेत तो तपासून घ्यावा.

हवेचा मुद्दा गोंदापेक्षाही मोठा आहे. मे महिन्याच्या दुपारी पुण्यात हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांपर्यंत उतरते, आणि ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या वर असते. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगतं आणि कोरड्या हवेत रुंदीतच आकसतं. लांबीत जवळपास काही फरक पडत नाही. फळीवरच्या बहुतेक पट्ट्या तिच्या रेषांना आडव्या किंवा तिरक्या बसतात. त्या पट्ट्या भर पावसात फुगलेल्या फळीवर चिकटवल्या, तर उन्हाळ्यात फळी आकसायला जाते आणि पट्टी तिला आकसू देत नाही. मग फळी खचते नाहीतर फुटते, आणि गोंद जितका चांगला तितकी ती हमखास फुटते. म्हणून माझ्याकडे पट्ट्या लावायची खोली वेगळी आहे, तिच्यात डीह्युमिडिफायर आहे, आणि हायग्रोमीटरचा काटा 40 ते 45 टक्क्यांवर नसेल तर मी ते काम हातात घेत नाही. गोंदाच्या बाटलीवर हे लिहिलेलं नसतं, पण आपल्याकडे गिटार बनवणाऱ्यानं पहिला खर्च या काट्यावर करावा असं मी सांगेन.

आता पांढऱ्या गोंदाकडे येतो, कारण आपल्याकडे गोंद म्हटला की तोच डोळ्यांसमोर येतो. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे पीव्हीए, 1912 मध्ये जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे यांनी शोधला. आपल्याकडे 1959 मध्ये बळवंत पारेख यांनी फेव्हिकॉल बाजारात आणला आणि सुतारांची चुलीवर सरस शिजवण्यापासून सुटका केली. हे लहान काम नव्हतं. बाटली उघडा, लावा, आवळा, आणि उद्या कपाट उभं. घरातल्या फर्निचरला पीव्हीए उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण गिटारच्या ब्रिजखाली कपाटाचा हिशेब चालत नाही. पांढरा पीव्हीए उष्णतेनं मऊ होतो, आणि सतत ओढ राहिली तर न तुटता हळूहळू सरकतो. कपाटाच्या सांध्यावर 75 किलोंची एकाच दिशेची ओढ वर्षानुवर्षं नसते, आणि कपाट कोणी मे महिन्यात बंद गाडीत ठेवत नाही.

हे किती खरं आहे ते दाखवणारी एक गिटार माझ्याकडे आली होती. कॉलेजात जाणारा एक मुलगा ती घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, सूर राहतच नाही. रोज लावतो, रोज उतरतो." गिटार दिसायला देखणी होती, चांगल्या लाकडाची, एका ओळखीच्या कारागिरानं केलेली. मी ब्रिजची मागची कड दिव्याखाली धरली. व्हिजिटिंग कार्ड आत जाईल एवढी फट पडली होती आणि ब्रिज मूळ जागेपासून पुढे सरकला होता; मागे फिकट लाकडाची एक बारीक रेघ उघडी पडली होती. तारा उतरवून, ब्रिज गरम करून पातळ पातं आत घातलं, तर दोन्ही लाकडांमध्ये गोंदाचे पांढुरके धागे ताणले जात होते. तो तुटला नव्हता, ताणला गेला होता. मुलानं नंतर सांगितलं की दर सुट्टीत गिटार गाडीच्या डिकीतून गावी जाते आणि येते. उन्हात उभ्या गाडीत तापमान साठ अंशांच्या वर सहज जातं. त्या गोंदानं आपल्या स्वभावाप्रमाणेच काम केलं होतं. त्याला चुकीच्या जागी नेमलं होतं. ब्रिज साफ करून मी सरसानं पुन्हा बसवला. कोरड्या उष्णतेत सरस पीव्हीएपेक्षा कितीतरी जास्त तग धरतो. त्याला सोडवायला उष्णता आणि पाणी दोन्ही लागतात.

पांढऱ्या आणि सरसाच्या मधला रस्ता म्हणजे पिवळा गोंद, ज्याला ॲलिफॅटिक रेझिन म्हणतात. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या कोलंबस इथल्या फ्रँकलिन इंटरनॅशनलचा टाइटबाँड ओरिजिनल हा त्यातला जगभरच्या गिटार कारागिरांचा ठरलेला गोंद. कूळ पीव्हीएचंच, पण वाळल्यावर जास्त कडक होतो, पॉलिश पेपरखाली चिकट होऊन गुंडाळला जात नाही, ताणाखाली फार कमी सरकतो, आणि उष्णता व ओल दिली की सोडतो. हातात चार-पाच मिनिटं देतो. नवशिक्यानं पहिली गिटार पूर्ण याच गोंदानं करावी, हा माझा स्पष्ट सल्ला. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे बाटलीवरची तारीख. आयात केलेला माल कुठल्या गोदामात किती उन्हाळे काढून आला ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि गोंद दाट, धाग्या-धाग्यांचा झाला असेल तर तो टाकावा. दुसरी म्हणजे आकडा. दुकानदार टाइटबाँड टू किंवा थ्री पुढे करतात, मोठा आकडा म्हणजे भारी माल असं सांगून. ते गोंद पाण्याला दाद न देणारे आहेत, अंगणातल्या बाकड्याला योग्य आहेत. पण पाण्याला दाद न देणं हाच गिटारच्या सांध्यात दोष ठरतो, कारण पुढच्या दुरुस्तीवाल्याच्या हातात वाफ आणि पाणी हीच हत्यारं असतात.

गिटारच्या जगातल्या मोठ्या घराण्यांनीही हा प्रवास केला आहे. 1833 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या मार्टिन कंपनीनं शतकभराहून अधिक काळ गिटारी सरसानं जोडल्या, 1960च्या दशकात कारखान्याच्या सोयीसाठी ती तयार गोंदाकडे वळली, आणि आज आपल्या जुन्या नमुन्यांबरहुकूम केलेल्या ऑथेंटिक मालिकेत पुन्हा सरस वापरते. यावरून सरसानं आवाज सुधारतो असं अनेकजण म्हणतात. मी तसं गिऱ्हाइकाला सांगत नाही. एकाच झाडाच्या शेजारच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या वाजत नाहीत. मग आवाजातला फरक गोंदाचा की फळीचा, हे कानानं कसं ठरवणार? सरस मी घेतो तो कडक वाळतो म्हणून, सरकत नाही म्हणून, आणि पन्नास वर्षांनी उघडता येतो म्हणून. एवढी कारणं मला पुरेशी आहेत.

एपॉक्सीला माझ्याकडे एकच जागा आहे. फ्रेटबोर्ड नेकवर चिकटवताना पाण्याचा गोंद वापरला, तर लांब, पातळ फ्रेटबोर्डची खालची बाजू पाणी पिऊन फुगते आणि नेक उलटी वाकते. एपॉक्सीत पाणी नसतं, म्हणून तिथे फ्रेटबोर्ड सरळ राहतो. शिसवी आणि आबनूस यांच्यासारख्या तेलकट लाकडालाही एपॉक्सी चांगला धरतो. मी तिथे हळू वाळणारा एपॉक्सी घेतो, पाच मिनिटांचा नाही. पण नेक गिटारच्या धडाला जिथे बसते त्या डव्हटेलच्या सांध्यात एपॉक्सी भरलेल्या गिटारी माझ्याकडे आल्या आहेत, आणि तिथे वाफेनं काहीच होत नाही. इतकी उष्णता द्यावी लागते की आसपासची पॉलिश आणि इतर सांधे धोक्यात येतात, आणि शेवटी गोंदाआधी लाकूडच फाटतं. ज्यानं तो भरला त्याला "पक्कं काम" करायचं होतं. पण असं पक्कं काम म्हणजे पुढच्या माणसासाठी बंद केलेलं दार. फेव्हिक्विकच्या जातीचे सायनोॲक्रिलेट गोंद मी फ्रेटची टोकं बसवायला, कडेची प्लॅस्टिक बाइंडिंग लावायला आणि बारीक तड भरायला वापरतो. ताण येणाऱ्या सांध्याला कधीच नाही. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद तर कारखान्यात ठेवतच नाही.

गोंदाबद्दल इतकं लिहूनही सांगायला हवं की सुटलेल्या दहा सांध्यांतल्या बहुतेकांत गोंद निर्दोष असतो. ब्रिज उचलला की लोक गोंदाला दोष देतात. मी तो काढतो तेव्हा खाली पुष्कळदा लाकूड नसतंच, पॉलिश असतं. घाईत काम करणारे कारखाने फळीला आधी पॉलिश मारतात आणि ब्रिजच्या जागेवरचं पॉलिश कडेपर्यंत खरवडत नाहीत. पॉलिशला चिकटलेला गोंद लाकडाला काय धरणार? चाचा हेच आपल्या भाषेत सांगायचे: "सांधा आधी कोरडा बसला पाहिजे. मग सरस." वरच्या फळीचे दोन अर्धे मी रंध्यानं सरळ केले की एकावर एक उभे धरून खिडकीसमोर नेतो. दोघांच्या मधून उजेडाची रेघ दिसली तर परत रंधा. उजेड दिसेनासा झाला की मगच गोंदाची बरणी उघडायची. फट भरणं हे गोंदाचं काम नव्हे.

शिसवीला आणखी एक काळजी लागते. तिच्या अंगात तेल असतं, आणि रंधा मारून दोन दिवस ठेवलेली बाजू वरवर स्वच्छ दिसली तरी गोंद धरत नाही. मी त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहतो. थेंब गोल मण्यासारखा उभा राहिला तर पृष्ठभाग मेलेला आहे. मग स्क्रेपरनं हलकेच दोन हात मारतो, पुन्हा थेंब टाकतो. तो लगेच पसरतो आणि लाकडात शिरतो. त्याच घटकेला गोंद लावायचा. मी हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच आठवड्यात दाखवतो, कारण गोंदाच्या नावापेक्षा या थेंबावर सांध्याचं आयुष्य जास्त ठरतं.

सरसाच्या बाबतीत आपल्याकडे एक प्रश्न असतो, जो परदेशी पुस्तकांत क्वचितच भेटतो. सरस जनावराच्या कातड्यापासून होतो. पुण्या-मुंबईत कडक शाकाहारी घरं आहेत, जैन घरं आहेत, आणि ज्यांना वाद्य देवघरासमोर वाजवायचं असतं अशीही माणसं आहेत. एका आजींनी नातवासाठी गिटार घेताना मला सरळ विचारलं होतं, "यात प्राण्याचं काही नाही ना हो?" त्यांना मी सगळं सांगितलं: गोंद सरसाचा, आणि तारांखालचा नट व सॅडल हाडाचा. त्यांनी ते नको म्हटलं. त्यांच्या नातवाची गिटार मी पिवळ्या गोंदानं जोडली आणि नट-सॅडल कृत्रिम पदार्थाचे बसवले. गिटार चांगली झाली. आता गिऱ्हाइकानं विचारायची वाट न पाहता ऑर्डर घेतानाच मी हे सांगतो. ज्याच्या घरी ते वाद्य राहणार, त्याला त्यात काय आहे ते कळायला हवं.

कोकण आणि गोव्याकडे जाणाऱ्या गिटारींचा विचारही मी वेगळा करतो. तिथे चर्चच्या गायकवृंदापासून घरच्या ओसरीपर्यंत गिटार रोजच्या वापरातली, आणि पावसाळ्यात हवा महिनोन्महिने ओलीच. सततची ओल आणि उष्णता एकत्र आली की सरसाचा सांधा मऊ पडू शकतो. तिथे जाणाऱ्या गिटारच्या ब्रिजला आणि नेकला मी पिवळा गोंद वापरतो. आतल्या पट्ट्यांना सरस ठेवतो आणि घेणाऱ्याला सांगतो की वाजवून झाल्यावर गिटार पेटीत ठेवा, आणि पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या टाका.

एकंदरीत माझा हिशेब असा: वरच्या फळीचा मधला सांधा, आतल्या पट्ट्या आणि ब्रिज यांना सरस, आणि हात बसला नसेल तर टाइटबाँड ओरिजिनल. बाजू, कडांच्या पट्ट्या आणि मागची बाजू यांना पिवळा. नेकच्या सांध्याला सरस किंवा पिवळा, म्हणजे वाफेनं सुटेल असाच. फ्रेटबोर्डला हळू वाळणारा एपॉक्सी. बारीकसारीक कामाला सायनोॲक्रिलेट. बाटलीतला तयार सरस वापरायचा असेल, तर आदल्या दिवशी त्याचा एक थेंब काचेवर टाकून पाहावा. दुसऱ्या दिवशी तो नखानं टचकन तुटला तर वापरा. चिकट राहिला तर बाटली टाका.

गिटार बनवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना शेवटी एकच विनंती आहे. गिटारच्या आत लेबल लावता, त्यावर आपलं नाव आणि साल लिहिता. त्याच लेबलवर आणखी तीन ओळी लिहा: ब्रिज कोणत्या गोंदानं बसवला, नेक कोणत्या आणि पट्ट्या कोणत्या. तुमची गिटार तुमच्याहून जास्त जगणार आहे. ती कधीतरी कुणाच्या तरी टेबलावर उघडी पडणार, आणि त्या माणसाला तुम्हाला विचारता येणार नाही.